वेफर्सचं पाकीट आणि पाण्याची बाटली

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा डोंबिवलीहून चार दिवस आमच्याकडे खोपोलीला आला होता. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी लागलेली. ताईने फोनवर बजावलं होतं, "त्याला जरा अभ्यासाला बसव." मी कसला बसवतोय! रविवारी सकाळी त्याला गाडीत घातलं आणि जुन्या घाटरस्त्याने लोणावळ्याला निघालो. खोपोलीत त्याने वेफर्सचं एक पाकीट आणि पाण्याची सीलबंद बाटली घेतली. वर पोचल्यावर पाकीट खायला काढलं तर ते टम्म फुगलेलं. बाटली मात्र होती तशीच.

"मामा, हे फुगलं कसं? आणि बाटली का नाही फुगली?"

म्हटलं, "बाळा, तुझ्या पुस्तकाचा पहिला धडा हाच आहे." त्याला पटलं नाही. त्याच्या मते पहिला धडा म्हणजे घनता, विशिष्ट गुरुत्व, व्हिस्कॉसिटी, पृष्ठताण, बाष्पदाब अशा दहा व्याख्या आणि त्यांची एककं. पाठ करायची आणि पेपरात ओतायची.

त्याच्याशी बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की आमच्या बोरघाटाचा गेल्या दीडदोनशे वर्षांचा इतिहास या एका पाकिटाच्या आणि बाटलीच्या फरकावर चाललेला आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी फरक काय तो सांगतो. पाणी आणि हवा दोन्ही प्रवाही. दोघांना स्वतःचा आकार नाही, भांड्याचा तोच त्यांचा. पण पाण्याचे रेणू एकमेकांना खेटून असतात, हवेच्या रेणूंमध्ये मोकळी जागा असते. म्हणून हवा दाबली की आकसते, दाब काढला की पसरते. पाणी जवळजवळ आकसतच नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो, तेवढ्याच हवेचं सव्वा किलोच्या आतबाहेर. खोपोलीपासून लोणावळा साडेपाचशे मीटरहून थोडं अधिक उंच. तेवढा हवेचा थर डोक्यावरून कमी झाला की हवेचा दाब साधारण सहा टक्क्यांनी उतरतो. एक्सप्रेस वेवर कानाला दडे बसतात ते यामुळेच. पाकिटातली हवा खालच्या दाबाला भरलेली असते, बाहेरचा दाब उतरला की ती हातपाय पसरते. पाण्याला या सहा टक्क्यांची दखलही नसते.

आता घाटाकडे येऊ.

बोरघाट हा कोकण आणि देश जोडणारा जुना व्यापारी रस्ता. खोपोलीचा तलाव आणि त्याकाठचं वीरेश्वराचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं, असं इथे लहानपणापासून ऐकत आलोय. घाट चढायच्या आधी माणसांना आणि बैलांना पाणी हवं, हा त्यातला व्यवहार. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. मग रेल्वे आली. १८५६ मध्ये ती पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचली आणि थबकली. समोर कडा! पलीकडे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधल्या तुकड्यात उतारू पालखीने, तट्टावर नाहीतर पायी घाट चढायचे. हे पाच वर्षं चाललं.

घाटातल्या लोहमार्गाचं काम मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्यानुसार झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, अनुभवी अभियंते नेमून काम तडीला नेलं. १८६१ च्या सुमाराला या घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलऱ्याने, तापाने, कड्यावरून पडून, सुरुंगात सापडून किती गेले याचे पंचवीस हजारांपर्यंतचे अंदाज केले गेले आहेत. नावं कुणाचीच उरली नाहीत. उरला तो शिंग्रोबा. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा आणि बक्षीस म्हणून गोळी मिळालेला धनगर, अशी त्याची लोककथा आहे. त्याच्या देवळापाशी अजून ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करून नाणं टाकतात. आम्हीही टाकलं.

२१ एप्रिल १८६३ रोजी घाट रेल्वेला खुला झाला. चढ काही ठिकाणी सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. हे ओझं वर नेलं कुणी? वाफेने. एक लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाला वाफ केली तर ती जवळजवळ सतराशे लिटर जागा मागते. ती मागणी लोखंडी बॉयलरमध्ये कोंडायची आणि सिलिंडरमध्ये थोडी थोडी सोडायची, ती पसरताना दट्ट्या ढकलते. वाफ जर पाण्यासारखी न पसरणारी असती तर इंजिन हललंच नसतं. कर्जतला मागून इंजिनं जोडायची पद्धत आजही आहे. वाफेच्या जागी वीज आली, पण बँकर इंजिनांसाठी गाडी थांबते आणि तेवढ्यात फलाटावरचा वडा हातात पडतो.

वर जाणं एक वेळ सोपं. खरं भय उतरण्याचं. चढ सुकर करण्यासाठी घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी एका टोकाला जायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा रस्ता. १८६९ च्या जानेवारीत उतरणारी एक गाडी तिथे आवरली नाही आणि सरळ टोकावरून पुढे गेली. (नवीन मार्ग झाल्यावर १९२९ मध्ये हे स्टेशन बंद झालं. त्याचे अवशेष घाटात अजून दिसतात.) चालत्या गाडीचे सगळे डबे एकाच वेळी कसे थोपवायचे, हा त्या काळचा जगभरचा प्रश्न होता. त्याचं उत्तरही हवेनेच दिलं.

इथे मी भाच्याला एका इटालियन माणसाची ओळख करून दिली. इव्हान्जेलिस्ता टोरिचेल्ली. जन्म १६०८, आणि १६४७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याची दोन कामं आमच्या परिसरात येऊन बसली आहेत. एक कर्जतच्या वाटेवर आणि दुसरं खोपोलीत.

पहिलं १६४३ चं. एका बाजूने बंद अशी काचेची लांब नळी पाऱ्याने भरून वाटीत उलटी धरली, तर पारा ७६ सेंटीमीटरवर येऊन थांबतो आणि वर पोकळी राहते. पाऱ्याला धरून ठेवते ती बाहेरची हवा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राला वजन आहे, हे त्यातून समजलं. याच कारणाने ओढून पाणी काढणारा पंप दहा मीटरच्या वर पाणी खेचू शकत नाही. तिथून पुढे हवेची ताकद संपते.

रेल्वेचा व्हॅक्यूम ब्रेक म्हणजे हेच. गाडीभर एक नळी. इंजिन तिच्यातली हवा काढत राहतं, साधारण अर्धा मीटर पाऱ्याएवढी पोकळी ठेवतं. पोकळी आहे तोवर चाकं मोकळी. ड्रायव्हरने किंवा गार्डने नळीत हवा सोडली की बाहेरची हवा दट्ट्या रेटते आणि प्रत्येक डब्याचे ब्रेक आवळले जातात. माझ्या वयाच्या लोकांना साखळी ओढल्यावरचा तो 'फुस्स' आवाज आठवत असेल. ती हवा आत शिरत असायची. यातली खरी अक्कल अशी, की नळी तुटली, डबे सुटले तरी हवा आपोआप आत शिरते आणि गाडी थांबते.

पण या ब्रेकला वरची मर्यादा आहे. पूर्ण पोकळी केली तरी हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलोच. त्याहून जास्त जोर निसर्ग देत नाही. गाड्या लांब आणि जड झाल्या तशी ती कमी पडू लागली. म्हणून दाबलेल्या हवेचा ब्रेक आला. अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने तो १८६९ ते १८७२ दरम्यान सिद्ध केला होता, आपल्याकडे मात्र सगळीकडे पसरायला विसावं शतक सरत आलं. त्यात नळीत पाच किलोचा दाब असतो. हवा दाबून साठवता येते म्हणूनच हे जमतं.

आता पाण्याची गोष्ट.

पाण्याला घाटमाथ्यावर नेतं कोण? तीही हवाच. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीला धडकतो आणि वर चढतो. वर दाब कमी, म्हणून तो पसरतो (आपलं वेफर्सचं पाकीट!). पसरताना स्वतःची उष्णता खर्च करतो आणि थंड होतो. थंड झाला की पोटातली वाफ धरवत नाही. मग लोणावळा-खंडाळ्याला जे कोसळतं ते आपण सगळे दरवर्षी पाहतो. माथ्यावर पडलेलं हे पाणी मूळचं पूर्वेचं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत ते बंगालच्या उपसागराला जायचं.

ते अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडलं तर वीज होईल, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती. डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या अभियंत्याने तिचा पाठपुरावा केला. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. दोराबजींच्या काळात १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचं पाणी नळातून खोपोलीला उतरवलं गेलं आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते वीजकेंद्र सुरू झालं. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. तोवर त्या दूरवरून आणलेल्या कोळशावर, वाफेवर चालत होत्या. म्हणजे घाटात गाडी वाफच ओढत होती आणि त्याच घाटातलं पाणी मुंबईत वाफेला निवृत्त करत होतं.

इथे टोरिचेल्लीचं दुसरं काम भेटतं, १६४४ मध्ये छापलेलं. टाकीच्या तळाशी भोक पाडलं तर पाणी ज्या वेगाने बाहेर पडतं, तो वेग तेवढ्या उंचीवरून दगड टाकल्यावर त्याला मिळणाऱ्या वेगाइतकाच असतो. खोपोलीची उंची सुमारे १७२५ फूट, म्हणजे सव्वापाचशे मीटर. गणित केलं तर सेकंदाला शंभर मीटर येतात, तासाला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त! घर्षणात थोडं जातं, तरी ती धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते तेव्हा पाणी हा शब्द मवाळ वाटतो. तळाशी दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट. त्या दाबाने हवा असती तर पन्नासाव्या हिश्श्याएवढी झाली असती. पाणी आकसतं किती? पाव टक्क्याहूनही कमी. म्हणून वरच्या पाण्याचा सगळा रेटा जसाच्या तसा खाली पोचतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीएवढं पाणी इथून उतरलं की साधारण सव्वा युनिट वीज. बस्स, एवढीच. म्हणून तलावच्या तलाव लागतात.

न आकसण्याची दुसरी बाजूही आहे. नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप 'ठक्' वाजतो ना? धावतं पाणी थांबताना आकसून धक्का जिरवू शकत नाही, म्हणून तो पाइपवर आदळतो. सव्वापाचशे मीटरच्या नळात असं केलं तर पाइपच फुटेल. म्हणून भार एकदम गेला तर आधी एका पट्टीने धार चाकावरून बाजूला वळवतात आणि झडप सावकाश मिटवतात.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं, ठोकरवाडीच्या धरणावर. तिसरं मुळशीचं, ज्याची वीज भिऱ्याला १९२७ मध्ये सुरू झाली. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते २४ सत्याग्रह केला, जमिनी गेल्या त्या गेल्याच. हे पाणी कुणाचं हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने तर टाटांच्या धरणांतून पश्चिमेला किती पाणी वळवायचं याला मर्यादाच घातली, पाच सलग जलवर्षांत मिळून २१२ टीएमसी. सोलापूरकडची माणसं दुष्काळात या पाण्याची आठवण काढतात. इकडे आमची पाताळगंगा आणि कर्जतची पेज त्याच्यावर बारमाही झाल्या. राजनाल्याच्या पाण्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात होतो. आणि त्याच तालुक्यांतल्या डोंगरातल्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. पाणी उताराकडेच जातं. वाडी असते वर. तिथे पाणी न्यायचं तर कुणीतरी पंपाचा आणि विजेचा खर्च करायला हवा. तो खर्च कुणासाठी करायचा हे पुस्तक सांगत नाही, माणसं ठरवतात. २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात भिवपुरीला एक हजार मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाचा करार झाला आहे. त्यात जास्तीच्या विजेने पाणी पुन्हा वर चढवायचं. म्हणजे वर नेणं जमत नाही असं काही नाही.

उतरताना मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. भाचा म्हणाला, "मामा, ब्रेक आहे की!" त्याला सांगितलं, आपल्या ब्रेकमध्ये तेल आहे. ते आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण घाटभर ब्रेक दाबून धरला तर तापतो, तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा म्हणजे वायू, तो आकसतो. मग पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाले म्हणतात तेव्हा बऱ्याचदा झालेलं असतं ते हे. त्याने वही काढली नव्हती, पण हे तो विसरणार नाही.

खोपोली जवळ आल्यावर त्याने लोणावळ्यात रिकामी करून झाकण लावलेली बाटली दाखवली. कुशीत किंचित चेपली होती. "आता बाहेरची हवा जास्त, मामा." बरोब्बर!

तेवढ्यात समोर ढग जरा उघडला. भाच्याने विचारलं, "इर्शाळगड इथून दिसतो का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या त्या गडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. ठाकर लोकांची वाडी. चौकच्या बाजारात रानभाज्या, करवंदं घेऊन बसणाऱ्या बाया तिकडच्याच वाड्यांमधल्या. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे मशीन पोचेनात. पावसात माणसांनी हाताने माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न जण बेपत्ता राहिले तेव्हा शोध थांबवला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नावही नव्हतं.

माती उतारावर उभी राहते ती कणाने कणाला धरल्यामुळे. कोरड्या मातीच्या फटींत हवा असते, ती आकसते, निघून जाते, कणांच्या मध्ये येत नाही. सतत पाऊस लागला की त्या फटी पाण्याने भरतात. पाणी आकसत नाही. ते वरचं ओझं स्वतःवर घेतं आणि कणांना एकमेकांपासून उचलून धरतं. कणांची पकड सुटली की अख्खा उतार पाण्यासारखा वागू लागतो. कार्ल तेर्झाघी या अभियंत्याने हे १९२० च्या दशकात मांडलं, म्हणजे आपल्याकडे भिवपुरीचं केंद्र उभं राहत होतं त्याच सुमाराला. खोपोलीत ज्या गुणाने चाक फिरतं, तोच गुण. पाण्याला दोन्हीतला फरक ठाऊक नाही.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी कळतं का?" थोडं कळतं. उतारावर नवीन भेगा पडतात. झाडं, खांब कलतात. दारं-खिडक्या एकाएकी घट्ट बसायला लागतात. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं, किंवा भर पावसात आटतं. नातेवाइकांपैकी जे डोंगराच्या कुशीत राहतात, आणि ज्यांनी हौसेने कर्जतला उतार कापून फार्महाऊस बांधलं आहे, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कड्याकडून येणारं पाणी घरामागे तुंबू देऊ नका, त्याला वाट करून द्या. आणि यातलं काही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, निघा. आसपासच्या वाडीतल्यांनाही सांगा.

असो. भाच्याची परीक्षा हिवाळ्यात आहे. जाताना पुस्तक घेऊन गेला, आणि ती चेपलेली बाटलीही.